मधेच म्हटलेलं आमेन

मी काम करते त्या शाळेच्या ऑफिसात बोर्डाच्या प्रवेशपत्रांचे गठ्ठे येऊन पडले, की त्याच आठवड्यात आमच्या फ्रिजवरचा कागद बदलतो. किराणा आणि गॅसच्या तारखांचा कागद उतरतो आणि चाळीस चौकोनांचा कागद चढतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस. आम्ही ख्रिस्ती माणसं या काळाला लेंट म्हणतो. हे उपवासाचे, स्वतःला आवरण्याचे दिवस. मी स्वतःला पट्टीने रेघा मारून आवरते. चहा बंद, गोड बंद, टीव्ही बंद. पहाटे शास्त्रवाचन. आठवड्यातून एका आजारी माणसाची भेट. जे पाळलं त्यापुढे बरोबरची खूण. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातल्या एकाही लेंटमध्ये माझ्या कागदावर फुली नाही.

या वर्षी मात्र लेंटच्या शेवटच्या आठवड्यात मी तो कागद उतरवला, फ्रिजचं दार रिकामं आहे. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, दोनदा विचारलं.

"काहून वं, या साली टाइमटेबल पुरं नाही करत?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

तब्येत उत्तम आहे. सकाळी चहाही घेतला. घोट घशाखाली उतरताना चोरी केल्यासारखं वाटलं, पण घेतला. चहा सोडणं मला कधीच जड गेलं नव्हतं, हे यंदा लक्षात आलं. जे जड जात नाही तेच मी दर वर्षी सोडत आले.

जबलपूरचा हा ऋतू मला सगळ्यात जास्त कळतो, कारण यात कामाला लागण्याची हवा असते. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकराला स्कूटरची सीट चटका देते. जिन्यात कडुनिंबाची पिवळी पानं रोज नव्याने पडतात. आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात नर्मदेच्या वाळूतल्या काकड्या आणि टरबुजांच्या गाड्या लागतात. वर्षाचा गहू येतो, ऊन खातो, डब्यात जातो. कूलरच्या जाळीतली जुनी खस, म्हणजे वाळा, काढली की धुळीचा एक वास घरभर होतो. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून मुलं येरझारा घालत पुटपुटत असतात. कोणी इतिहास, कोणी रसायनशास्त्र. परीक्षेच्या दिवसांत सगळा मोहल्ला प्रार्थना करत असल्यासारखा वाटतो.

सहा वर्षांपूर्वीच्या लेंटमध्ये त्या पुटपुटणाऱ्यांत आमची शेरॉन होती. आमची एकुलती एक, बारावीला.

आणि त्याच हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. डिसेंबरात सासरे गेले. ते इथल्याच खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. तिथल्या क्वार्टरमध्ये दोघांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा तिथून जवळच, रांझीत, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. ‘आमच्याकडे या’ म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "येऊ ना बाई, इथून तिकडलं दिसते तरी." तिकडलं म्हणजे खमरिया. सासरे गेल्यावर मात्र त्या एक ट्रंक आणि एक वेताची खुर्ची घेऊन आल्या आणि आमच्या हॉलमधल्या खिडकीशी बसल्या. मी त्यांच्या गोळ्यांचा डबा केला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे पाडून. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. पंधरा दिवसांत सगळी कामं मार्गी लागली. सासूबाई आल्या आणि आमच्या घराची घडी तसूभरही विस्कटली नाही, याचा मला अभिमान होता, तो इथे लपवत नाही.

घरची प्रार्थना आमच्याकडे संध्याकाळी सातला असते. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रार्थना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमची ही प्रार्थना पाठ केलेली नसते. ज्याची त्याची, मनातली, आपल्या शब्दांत, मोठ्याने. एक जण करतो, बाकीचे डोळे मिटून ऐकतात. तो थांबला की सगळे मिळून आमेन म्हणतात. आमेन म्हटलं की संपलं. त्यानंतर कोणी पुढे बोलत नाही, तशी रीतच नाही.

मी तीन मिनिटांत प्रार्थना करते. आभार, क्षमा, घर, शाळा, देश, आजारी. सुधीरची तर एका मिनिटात होते. मग मान म्हणून शेवटची प्रार्थना सासूबाईंची. त्या डोळे मिटायच्या, खुर्चीचा हात धरायच्या आणि सुरू व्हायच्या. "हे प्रभू, दारात जो उभा आहे त्याले सांभाळ." आणि मग नावं. तिवारीणबाईचे गुडघे. सरदारजीची सून, दिवस गेलेत तिले, पोटातलं सुखरूप राहो. वेल्डर विश्वकर्माचे डोळे. कोण्या लोधीची बकरी, तिले जुळं होऊ दे. अमुकच्या पोराले नोकरी. तमुकची दारू सुटो. मधे मधे श्वास घ्यायला थांबायच्या, ओठ हलत राहायचे, मग पुढचं नाव. यातल्या कोणालाही मी ओळखत नव्हते. सातव्या मिनिटाला शेरॉन पाय बदलायची. दहाव्याला मी कुकर बंद करायला उठत असे. तिथेच मी रात्रीची भाजी निवडायला घेतलेली असायची, तरी हॉलमधून तो आवाज येतच असायचा. एकदा मी घड्याळ लावलं. चौदा मिनिटं.

लेंट सुरू झालं त्याच आठवड्यात परीक्षाही सुरू झाली. शेरॉनचं वेळापत्रक मी केलं होतं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनांचं. त्यात सात ते सात दहा ‘प्रार्थना’ असं हिरव्या शाईने लिहिलेलं. चौदा मिनिटं एकट्या सासूबाईंची, त्यात कशी बसणार?

मी त्यांना दुपारी सांगितलं, नीट, गोड आवाजात. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आई, शेरॉनची परीक्षा होईतो प्रार्थना जरा थोडक्यात करा. दोन मिनिटांत."

"दोन?"

"मोठ्या लांब प्रार्थनेचीच गरज असते असं थोडंच आहे. प्रभूला सगळं ठाऊक असतं."

"हाव, ते तर आहेच," त्या म्हणाल्या. "आटपते मी."

आटपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं, तिसऱ्या दिवशी पुन्हा चौदा. मला राग आला होता आणि रागाला मी एक चांगलं कारणही शोधून ठेवलं होतं. मी सुधीरला स्वयंपाकघरात म्हणाले, "बकरीसाठी प्रार्थना होते. नातीचा उद्या केमिस्ट्रीचा पेपर आहे, तिच्यासाठी एक वाक्य नाही."

सुधीर म्हणाला, "करत असन मनात." आणि पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी सासूबाई सुरू झाल्या. मी डोळे मिटले नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेसहा मिनिटं झाली. त्या श्वास घ्यायला थांबल्या. ओठ हलत होते, पुढचं नाव ओठांवर आलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, "आमेन."

ठाम म्हटलं, शाळेच्या प्रार्थनासभेत म्हणतात तसं. सुधीरने सवयीने म्हटलं, आमेन. शेरॉनने म्हटलं, आमेन, आणि ती उठलीच. सासूबाईंनी डोळे उघडले. तोंड अर्धवट उघडं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पायरी चुकल्यावर माणूस जमिनीकडे बघतो तसं. मग त्याही म्हणाल्या, "आमेन." खुर्चीचा हात सोडला आणि पदराने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "तूच कर बाई."

तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून मी त्यांना विचारायचं सोडलं. सात दहाला सगळं आटपू लागलं. लेंट संपेपर्यंत माझ्या कागदावर बरोबरच्या खुणा पुऱ्या भरल्या. त्यात आजारी माणसांच्या सहा भेटीही होत्या.

त्या ईस्टरनंतर पाळकसाहेब घरी आले होते. जबलपुरात आमच्या मंडळीची उपासना हिंदीत असते, पण पाळकसाहेबांना ठाऊक आहे की सासूबाई मराठीतच प्रार्थना करतात. ते म्हणाले, "माताजी, आज आप प्रार्थना कीजिए। अपनी भाषा में।" सासूबाई हसल्या. "नहीं साहब, घसा बसला है," असं त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "हमारी बहू करेगी. तिचं नेटकं असते."

नेटकं. त्या शब्दात टोमणा नव्हता, सासूबाईंना टोमणे मारता येत नाहीत. मी नेटकी प्रार्थना केली. पाळकसाहेबांनी चहा घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मला आत कुठेतरी टोचलं होतं, खरं सांगते. पण टोचलेल्या गोष्टीला यादीत जागा नसते. शेरॉनचे अर्ज, प्रवेश, होस्टेल, तिची पुण्यातली नोकरी, असं एकामागून एक येत गेलं. सहा वर्षं सासूबाई सातला खिडकीशी बसून डोळे मिटत आल्या, आम्हा दोघांबरोबर आमेन म्हणत आल्या, आणि मला वाटत राहिलं की वय झालं की माणसं अबोल होतात.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मंडळीतली सगळी माणसं खजुरीच्या झावळ्या हातात धरून गात गात देवळाला, म्हणजे चर्चला, फेरी घालतात. त्या झावळ्या आणायचं काम यंदा माझ्याकडे होतं. म्हणजे मीच ते वाटपाच्या कागदावर स्वतःच्या नावापुढे लिहिलं होतं. शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि खमरियाला गेले. क्वार्टरांच्या मागच्या नाल्याशी खजुरीची झाडं आहेत, सासरे तिथूनच आणायचे. त्या रस्त्याला मोहाची झाडं आहेत. त्या दिवसांत मोहाचा वास असा जड असतो की स्कूटरवरूनही त्यातून वाट काढत गेल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा तरी मी त्या भागातून जाते, पण सासऱ्यांनी क्वार्टर सोडल्यापासून त्या ओळीत शिरले नव्हते.

झावळ्या बांधत होते तेव्हा एका क्वार्टरच्या ओट्यावरून हाक आली. पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई, हातात सूप.

"ए, तुम चौबीस नंबर वाली अम्मा की बहू हो ना? शादी में देखा था।"

मी हो म्हटलं. त्या तेरा नंबरच्या मिश्राइन. नवऱ्याच्या पाठोपाठ मुलगाही फॅक्टरीत लागला, म्हणून क्वार्टर त्यांच्याकडेच राहिलं. त्यांनी बसवलं, पाणी दिलं.

"अम्मा कैसी हैं? अब भी शाम को निकलती हैं?"

"नहीं चाची, अब कहाँ. घुटने साथ नहीं देते."

"पैर से नहीं, बेटा. प्रार्थना में."

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं की मला काही कळलेलं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हाताने ओळ दाखवली, तिकडे फाटकापासून इकडे टोकापर्यंत.

"शाम को दरवाज़े पर कुर्सी डालतीं, आँखें मूँदतीं, और वहाँ गेट से चल पड़तीं. एक नंबर, दो नंबर, तीन नंबर. किसी का घर नहीं छोड़ती थीं. बारह के बाद ये नल आता है, यहाँ ज़रा साँस लेतीं. फिर तेरह में हम. मराठी में बोलती थीं, हमको क्या समझ में आता. पर अपना नाम तो समझ में आ जाता है ना. हमारा नाम आता तो मैं दाल चढ़ाती थी. घड़ी कौन देखता था." त्या हसल्या. "आखिर में अपने चौबीस में पहुँचतीं, अपने बच्चों का बोलतीं, तब कुर्सी उठातीं."

मी नळाकडे पाहिलं. सिमेंटचा ओटा, वरती शेवाळ, तोटीला बांधलेली चिंधी. कोणीतरी बादली लावून गेलं होतं.

परतताना झावळ्यांची टोकं पाठीला टोचत होती. स्कूटर चालवताना मी हिशेब करत होते, दुसरं काही मला येत नाही. एका घराला अर्धं मिनिट, थोडं जास्त. चोवीस घरं. चौदा मिनिटं. मी ज्याला पाल्हाळ म्हणत होते, ती यादी होती. माझ्या यादीपेक्षा जुनी आणि माझ्यापेक्षा शिस्तीची. फक्त ती कागदावर नव्हती, आणि तिच्यात शेरॉन शेवटच्या घरात होती, जे येईपर्यंत मी रोज स्वयंपाकघरात गेलेली असायचे. मी त्या घरापर्यंत कोणाला पोचूच दिलं नाही.

सुधीर घरी गहू चाळत होता. मी झावळ्या न उतरवताच विचारलं.

"आईंची प्रार्थना गेटपासून घरापर्यंत असायची, हे तुला माहीत होतं?"

"हाव. लहानपणी भूक लागली की आम्ही मोजत बसायचो. वीस नंबर आला की ताटं मांडायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुले नव्हतं माहीत?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

चाळणी हलवतच तो म्हणाला, "तू आमेन म्हटलं. मीही म्हटलं. आता त्याच्यानंतर काय बोलू?"

संध्याकाळी शेरॉनचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी कळतं, बोलते मात्र अर्धं हिंदीत. मी तिला सगळं सांगितलं, कारण मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं की तेव्हा परीक्षा होती, इलाज नव्हता. ती म्हणाली, "मम्मी, मुझे तो आजीची प्रेयर आवडायची. ती नावं घेत असायची ना, मी मनात केमिस्ट्रीची रिॲक्शन म्हणायची, एका घराला एक. त्या दिवशी आधे में ही उठ गई, तो आधे रह गए." आणि हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "अरे, नंबर तो अच्छे आए थे ना."

म्हणजे मुलीचं नावही मी उगाच पुढे केलं होतं. घाई तिची नव्हती. घाई कोणाचीच नव्हती, माझी होती. माझी श्रद्धा खोटी नाही असं मला आजही वाटतं. पण मी ती घरात अशी चालवली, की देवाला सातची वेळ दिलेली आहे आणि त्याने सात दहाला उठावं.

झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर उरलेल्या झावळ्या घेऊन आम्ही घरी आलो. सासूबाई दर वर्षी त्यांचे छोटे क्रूस विणतात. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. जेवण झालं की नाही ते विसरतात. मला कधी सून म्हणून ओळखतात, कधी नर्स समजून दीदी म्हणतात. पण बोटांना क्रूस येतो. पातीवर पाती दुमडत होत्या. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. असं मी कधी बसत नाही, म्हणून त्यांनी वर पाहिलं.

"आई, शेरॉनच्या बारावीच्या वेळी तुम्ही प्रार्थना करत होता, आणि मी मधेच आमेन म्हटलं."

मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही. खोटं कशाला, मला आशाच होती की आठवणार नाही.

त्यांनी पाती खाली ठेवली नाही. "हाव," म्हणाल्या. "नळापाशी होती मी तेव्हा."

मी खाली पडलेले पातीचे तुकडे गोळा करू लागले.

"पुढच्या साऱ्यांचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही केलीत? मी दोन दिवस म्हटलं, करा म्हणून."

"तू दोन मिनिटं म्हणे. दोन मिनिटांत कोणाले घेऊ न कोणाले सोडू? सोडण्यापेक्षा मनात केली."

"मनात करत होता रोज?"

"काही दिवस केली. पण मनात केलं की रस्ता चुकते वं. तोंडानं म्हटलं की पाय बरोबर पडते." पाती दुमडून त्यांनी नखाने घडी दाबली. "मग एक दिवस नळाच्या पुढे काही दिसेच ना."

"आई, माझं चुकलं. मला क्षमा करा."

"काहून माफी मागून राहिली? तू घाईत होती." आणि तयार झालेला क्रूस माझ्या हातात दिला. "दीदी, हा चौदा नंबरवाल्यांना देजा. तिथं कोण राहते?"

मिश्राइनना मी त्यांच्या पुढच्या घरांतली नावं विचारली नव्हती. विचारावं, लिहून घ्यावं, हे मला सुचलंच नाही. साबणाच्या वड्यांपासून मंडळीतल्या लेकरांच्या वाढदिवसांपर्यंत मी सगळं लिहून ठेवते, आणि सासूबाईंची यादी, जी एका माणसाच्या आवाजात होती आणि माझ्या हॉलमध्ये रोज म्हटली जात होती, ती मी भाजी निवडत ऐकली.

सोमवारी पुन्हा खमरियाला गेले. मिश्राइननी बोटं मोजून सहा-सात घरांची जुनी माणसं सांगितली, बाकीची त्यांनाही आठवेनात. कितीतरी कुटुंबं गेली, नवी आली. मी वहीत एक ते चोवीस आकडे घातले. अर्ध्याहून जास्त आकड्यांपुढे आजही काही नाही. चोविसाव्यापुढे आमची नावं आहेत. ती लिहायला कोणाला विचारावं लागलं नाही, आणि लिहिताना हात थांबला तो तिथेच.

काल संध्याकाळी सात वाजता मी घड्याळाकडे पाठ करून बसले. गीत झालं, पाठ झाला. मी आणि सुधीरने प्रार्थना केली नाही. मी सासूबाईंचा हात वेताच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "आई, आपण गेटात आलो. एक नंबर."

त्यांनी डोळे मिटले. काहीच आलं नाही. खाली रस्त्यावर टरबूजवाला ओरडत गेला. समोरच्या गॅलरीत कोणाचा तरी मुलगा कसलीशी सूत्रं घोकत होता. मला वाटलं, झालं, उशीर झाला. मग त्या म्हणाल्या, "हे प्रभू, दारात जो उभा आहे त्याले सांभाळ." आवाज बारीक होता, खूप दिवसांनी उघडलेल्या खोलीसारखा. "तिवारीणबाईचे गुडघे."

"दोन नंबर," मी म्हटलं.

"सरदारजीची सून."

मिश्राइनच्या हिशेबाने त्या सुनेचं पोटातलं बाळ आता सव्वीस-सत्तावीस वर्षांचं असेल. सासूबाईंनी त्याच्यासाठी सुखरूप बाळंतपण मागितलं. तीनला थांबल्या, चार आठवलं नाही, मी वहीतलं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "हाव, तो." पाच रिकामं गेलं. रिकाम्या घरापाशी त्या उभ्या राहिल्या, म्हणजे गप्प राहिल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "जो कोणी असन त्याले." कुकरची शिट्टी झाली. तिसरी झाली, की मी उठते. चौथी झाली, पाचवी झाली. माझे पाय उठायला निघाले होते, मी मांडीखाली दाबून धरले.

बारा नंबर झाला आणि त्या थांबल्या. श्वास घेतला. ओठ हलत होते.

मी वाट पाहिली. "तेरा," मी हळूच म्हटलं. "मिश्राइन. दाल चढवून बसल्या आहेत."

त्या किंचित हसल्या. हसल्यासारखं मला वाटलं. पण पुढे नाव आलं नाही. डोळे मिटलेले, खुर्चीचा हात घट्ट धरलेला, ओठ हलतायत. त्या नळापाशी उभ्या होत्या आणि आमचं घर अजून बारा दारं पुढे होतं.

सुधीरने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आता आमेन म्हणायचं का, असं त्याने नजरेने विचारलं. मी मान हलवली, नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. स्वयंपाकघरातून डाळ करपल्याचा वास येऊ लागला होता.